उंबऱ्यावरची हजेरी

"वृंदाताई, हॉल पोकळ वाजायला लागलाय," नीलोफर फोनवर म्हणाली. कशा आहात नाही, काही नाही.

"पोकळ म्हणजे?"

"दारात पाय आपटला की भरीव, आणि दोन पावलं आत गेलं की डफ. पूर्वी एवढा फरक नव्हता. तुम्ही बांधलाय, तुम्हीच येऊन बघा."

"मी बांधला नाही. डिझाइन केला."

"तेच ते. कधी येताय?"

नीलोफर मुकादम ही धरमतरच्या खाडीकाठी असलेल्या अंध मुलींच्या निवासी शाळेची मुख्याध्यापिका. ती याच शाळेत शिकली आणि इथेच शिकवू लागली. माझी धाकटी बहीण चारुशीला तिची वर्गमैत्रीण, पुढे तिच्या शेजारच्या खोलीत राहणारी शिक्षिका. चारू जाऊन आता दहा वर्षं होत आली होती. त्यानंतर मी शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. नीलोफर ईदला फोन करायची, मी दिवाळीला करायचे, आणि दोघी मिळून हवापाण्यावर बोलायचो.

इमारत पोकळ वाजते म्हटल्यावर मात्र हवापाण्यावर बोलून भागणार नव्हतं. मी पुण्याहून निघाले.

शाळेची जागा म्हणजे खारपाट, खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन. वर मुरूम, खाली काळी चिकणमाती आणि खूप खाली खडक. अशा मातीत इमारत उभी करायची तर खडकापर्यंत काँक्रीटचे लांब खांब उतरवावे लागतात. त्या पाइल्स. पाइलच्या डोक्यावर काँक्रीटचा जाड चौकोनी ठोकळा बसवतात, ती पाइल कॅप. आणि या टोप्यांवर जमिनीची स्लॅब टेकते. हॉलच्या दारात, बरोबर उंबऱ्याखाली, अशी एक कॅप आहे. आराखड्यावर तिचं नाव पी-सात.

उंबऱ्यावरची ही जागा सर्वांत भरीव वाजते, हे मुलींनी हॉल सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं. मग तिथे पाय आपटून आत जायची पद्धत पडली. प्रत्येकीची खूण वेगळी. चारूची एक टाच, जरा थांबून आणखी दोन. नीलोफरची दोन टाचा आणि चवडा. आत कोणीतरी "हजर" म्हणायचं, की झाली हजेरी. तोंडाने नाव सांगायचं नाही, ते नवख्यांचं लक्षण.

मलाही खूण होती. हॉल सुरू झाल्यावर पहिल्यांदा आले तेव्हा साइटवरचे जड बूट घालून मी उंबऱ्याला धडकले होते. एक धप् आणि मग लांब घसट. साऱ्या वर्गाने ती तिथल्या तिथे माझ्या नावावर लावली.

"धडपडणारी इंजिनियर," चारू म्हणाली होती. "आणि म्हणे हिने आपल्याला चालायला जमीन करून दिली."

आज मी उंबऱ्यापाशी थांबले. आत मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. नीलोफर दारातच उभी होती, मान किंचित कलती करून.

"आलात ना? मग सांगा की कोण ते."

मी पाय आपटला आणि घासला. बूट नव्हते, चपला होत्या, त्यामुळे आवाज अगदीच केविलवाणा आला.

"हजर," ती म्हणाली. "आवाज बसलाय तुमचा."

*

तीन दिवस मी मोजमापं घेतली आणि हॉल पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये उभा केला.

झालं होतं ते असं. खाडीचं पाणी वर सरकत आलं, बांधाच्या आतली माती दबत गेली. स्लॅबखालचा भराव तिच्याबरोबर खाली बसला आणि मध्ये फट पडली. डफाचा आवाज त्या फटीचा. एवढं होईल हे डिझाइन करतानाच धरलेलं होतं. पण दबणारी माती पाइल्सनाही धरून खाली ओढते. दारापासच्या दोन पाइल्स अशा किंचित ओढल्या गेल्या होत्या. पी-सात खडकात घट्ट रुतलेली, ती हलली नाही, आणि शेजारणींचा भार तिच्या डोक्यावर आला. पाणी इतकं चढेल आणि माती इतकी खचेल, हे तेव्हाच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

पडद्यावर पी-सातभोवती लाल सुळका उभा राहिला. हा सुळका समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी निगडित आहे.

तंबूच्या काठीच्या टोकावर कापड जसं ताणतं, तशी स्लॅब पाइल कॅपवर वरच्या अंगाने ताणते. म्हणून तिथे वरच्या थरात जादा सळया घालतात. किती घालायच्या हे सॉफ्टवेअर सांगतं. ते स्लॅबचे बारीक चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला ताण काढतं. गंमत अशी, की चौकोन जितके बारीक करावेत, तितका टोकावरचा ताण वाढत जातो. अजून बारीक केले तर अजून वाढतो. गणिताच्या दृष्टीने टोकावर टेकलेल्या कापडाचा ताण अनंत असतो. पण खरी कॅप टोकदार नसते, आणि खरं काँक्रीट एका बिंदूवर ताण सोसत नाही, आजूबाजूला वाटून देतं. म्हणून इंजिनियर सुळक्याच्या दोन्ही बाजूंची थोडी रुंदी घेतो आणि त्या पट्टीतल्या ताणाची सरासरी काढतो. सळया त्या सरासरीच्या हिशेबाने पडतात.

पट्टी किती रुंद घ्यायची, हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते एक रिकामा चौकोन दाखवून विचारतं. अरुंद पट्टी घेतली तर सुळका उंच राहतो, रुंद घेतली तर बसतो. दोन टोकांच्या मर्यादा नियमात दिलेल्या आहेत. त्यांच्या मधलं सगळं इंजिनियरच्या समजुतीवर सोडलेलं आहे.

मी दीड मीटर लिहिलं. पी-सात लाल. तीन मीटर लिहिलं. पी-सात हिरवी, काठावर का होईना. तीन मीटरही नियमात बसत होतं. पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, कोणी काही विचारलं नसतं.

*

"लाल आलं तर काय करावं लागेल?" नीलोफरने विचारलं. आम्ही तिच्या खोलीत चहा घेत होतो.

"हॉल बंद. पाण्याच्या जोरदार झोताने कॅपभोवतालचं वरचं काँक्रीट उडवायचं, नव्या सळया घालायच्या, नवं काँक्रीट भरायचं."

"आणि तंतू?"

"तो जाईल. केसाएवढा आहे, झोतात टिकणार नाही."

तिने कप खाली ठेवला.

तंतू म्हणजे स्मृतितंतू. हॉल बांधला तेव्हा एका संशोधन संस्थेने तो प्रयोगासाठी फुकट दिला होता. जिथे वीज नाही, माणूस नाही, अशा दूरच्या पुलांसाठी तो बनवलेला. काचेचा बारीक धागा, त्यावर एक लेप. धाग्याला ताण बसला की लेपात त्याचा ठसा उमटतो आणि कायमचा राहतो. वीज लागत नाही, देखभाल लागत नाही. पुढे कधीतरी माणसाने जाऊन प्रकाशाने ते ठसे वाचायचे आणि पुलावर काय काय गुदरलं ते समजून घ्यायचं. मी तो पाइल कॅपवरच्या जादा सळयांना बांधून घेतला, कारण सर्वांत जास्त ताण तिथेच येणार होता.

वाचणारं यंत्र शाळेला दोन वर्षांपूर्वी मिळालं. त्याची एक मोठी अडचण होती. ठसे इतके क्षीण, की घाईने वाचलं तर सगळं गोंगाटात बुडतं. सुरुवात कुठूनही करता येते, पण एक सकाळ वाचायला एक सकाळच लागते. वीस वर्षांचं लिखाण वाचायला वीस वर्षं.

तरी त्यांनी वाचायला घेतलं होतं. सॉफ्टवेअर ताणावरून उलटा हिशेब करून पावलांचा भार काढायचं, आणि तो भार एका पातळ लाकडी फळीला थरथरवायचा. फळीवर तळवा ठेवला की कोणीतरी उंबऱ्यावर येऊन पाय आपटायचं, आत जायचं. माजी विद्यार्थिनी लांबून लांबून येत, आपापले दिवस मागत.

"तुमच्याकडे लग्नाचे अल्बम असतात," नीलोफर म्हणाली. "शाळेचे ग्रुप फोटो. आमच्याकडे काय होतं? मागच्या महिन्यात साताऱ्याहून एकजण आली. तिची मैत्रीण बाविसाव्या वर्षी गेली. फळीवर हात ठेवून बसली आणि म्हणाली, अगं, ही अजून तशीच लंगडतेय. हसत होती, वृंदाताई. रडत नव्हती, हसत होती."

"मला कळतंय."

"कळतंय तर मी विचारते. खोटं लिहा म्हणत नाही. थोडं थांबता येईल का? पाच वर्षं मिळाली तर निदान चारूची वर्षं तरी निघतील."

चारूचं नाव तिने मुद्दाम शेवटी घेतलं होतं, आणि मुद्दाम घेतलंय हे मला कळावं असंही तिला वाटत होतं. यंत्र आलं तेव्हा तिने मला बोलावलं होतं. मी कामाची सबब सांगितली होती.

"बघते," मी म्हणाले.

*

संध्याकाळी मी वाचलेल्या दिवसांची नोंद उघडली. सॉफ्टवेअर खुणेवरून माणूस ओळखून नाव लावत होतं, नावं नीलोफरने तोंडी सांगितलेली. चारू, नीलोफर, इतर सगळ्या. आणि वृंदा.

त्या नोंदीत मी रोज सकाळी हॉलमध्ये येत होते.

ही चूक होती. ते दिवस ज्या वर्षातले, ते पूर्ण वर्ष मी ओमानमध्ये होते. बंदराच्या कामावर चार वर्षांसाठी गेले होते. निघताना चारू म्हणाली होती, "जा की. मी काय पळून जातेय?" चौथ्या वर्षी तिला लेप्टोचा ताप आला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. मी पोहोचले तेव्हा तिची खोलीही आवरलेली होती.

सॉफ्टवेअरने दोन खुणांची गल्लत केली असणार, असं वाटून मी एक सकाळ मूळ रेघेत पाहिली. गल्लत नव्हती. आधी चारूची खूण, एक टाच, जरा थांबून दोन. मग लगेच माझी. धप् आणि लांब घसट. अगदी स्वच्छ.

मी भार काढला. दोन्ही खुणा करणाऱ्या व्यक्तीचं वजन सत्तेचाळीस किलो. मी कॉलेजात असतानाही सत्तेचाळीस किलो नव्हते.

दुसरी सकाळ उघडली. तिसरी. मधली एखादी सोडून पुढची. प्रत्येक सकाळी चारू उंबऱ्यावर यायची, स्वतःची हजेरी द्यायची, आणि मग माझी लावायची.

मी नीलोफरच्या खोलीत गेले. ती मुलींचे ब्रेल पेपर चाचपत बसली होती.

"चारू माझी खूण करायची?"

"रोज!" ती सहज म्हणाली. "पहिल्यांदा आम्ही फसलो. म्हटलं, ताई परत आल्या की काय. मग सवय झाली. मीच हजर म्हणायचे, एकदा तिला, एकदा तुम्हाला. एकदा मी चिडवायला म्हटलं, गैरहजर. तर दुपारपर्यंत बोलली नाही माझ्याशी." मग तिची बोटं थांबली. "तुम्हाला ठाऊक नव्हतं? आम्हाला वाटायचं, फोनवर सांगत असेल."

"फोनवर ती मला विचारायची, तिकडे भात मिळतो का."

नीलोफर हसली. मीही हसले.

*

माझ्यासमोर पडद्याचे दोन भाग होते. एका भागात तो रिकामा चौकोन, पट्टीची रुंदी विचारणारा. दुसऱ्यात चारूची सकाळ. तीन मीटर लिहिले की अशा चार वर्षांच्या सकाळी मला मिळणार होत्या. मी सही करण्याच्या योग्यतेची इंजिनियर होते. तीन मीटर घेणं माझ्या अधिकारात होतं. जिथे काँक्रीट शाबूत आहे आणि ताण दोन्ही बाजूंना नीट वाटून देतंय, तिथे मी पूर्वी तीन मीटर घेतलेलेही आहेत.

जिथे शाबूत आहे. तेवढंच बघायचं राहिलं होतं.

सकाळी मुली हॉलमध्ये आल्या, आणि मी तंतूवरचा आत्ताचा ताण लावून बसले. एकेक मुलगी उंबऱ्यावर येऊन पाय आपटत होती. मनाली नावाची एक दहाबारा वर्षांची मुलगी दोन्ही पायांनी उडी मारून हजेरी द्यायची. प्रत्येक खुणेला रेघ वर उसळायची आणि खाली यायची.

मी चारूची सकाळ तिच्याशेजारी ठेवली. चारूची टाच पडते, रेघ उसळते, परत शून्यावर येते. पुन्हा टाच, पुन्हा शून्य. स्लॅब ताणते आणि सोडून देते, जिवंत माणसाच्या छातीसारखी.

आत्ताची रेघ शून्यावर येत नव्हती. मनालीच्या उडीनंतर ती खाली आली आणि शून्याच्या केसभर वर थांबली. पुढच्या मुलीनंतर आणखी केसभर वर. स्लॅबच्या वरच्या अंगाला चीर होती, आणि दर हजेरीला उघडलेली चीर पूर्ण मिटत नव्हती. वाटून घ्यायला आजूबाजूचं काँक्रीट राहिलं नव्हतं. सगळं ओझं त्या एका जागी, जिथे रोज सकाळी ही पोरं नेमाने पाय आपटत होती.

चारूची रेघ हाती नसती तर हा फरक मला इतका स्पष्ट दिसला नसता.

मी नीलोफरला बोलावलं. फळी तिच्यापुढे ठेवली.

"हात ठेव. ही चारू."

तिने तळवा टेकला. चेहरा सैल झाला. "हं. ही ती. आणि ह्या तुम्ही."

"आता प्रत्येक टाचेनंतर फळी कुठे येऊन थांबते ते बघ."

"होती तिथेच."

"आता ही आजची सकाळ. मी ताण पुष्कळ वाढवून लावलाय, म्हणजे हाताला लागेल."

मुलींच्या खुणा एकामागून एक फळीतून गेल्या. नीलोफरची भुवई आखडली. तिने तळवा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

"ही परत बसत नाहीये."

"नाही."

"दर वेळी थोडी वर राहतेय."

"हो."

मनालीची उडी आली, आणि नीलोफरने हात झटकन मागे घेतला. हॉलमधून दोरीचे फटके ऐकू येत होते, आणि कुणीतरी मोठ्याने मोजत होतं.

"मुलींना आत्ता बाहेर काढू?" तिने विचारलं.

"आत्ताच. मागच्या दाराने."

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तरी ऐकलं असतं मी."

"माहीत आहे. पण अल्बम तुमचा आहे."

ती गेल्यावर मी चौकोनात दीड मीटर लिहिलं आणि सही केली.

*

काम सुरू व्हायला दोन महिने लागणार होते. तेवढे दिवस यंत्र अखंड वाचत राहिलं. कुणाला कोणती सकाळ हवी ते नीलोफरने फोन करून विचारलं. कोणी निकालाचा दिवस मागितला, कोणी गॅदरिंगचा. दोघींनी मिळून एक भांडणाचा दिवस मागितला.

"तुम्हाला कोणता?"

"कोणताही एक. साधा."

"असं नाही चालणार. नंतर म्हणाल, तो नको होता."

"तू गैरहजर म्हणालीस तो."

तो मिळाला. चारू येते, स्वतःची खूण करते, माझी करते. मग काही वेळ काहीच नाही. मग माझी खूण पुन्हा, जरा जोरात. मग तिसऱ्यांदा, एवढ्या जोरात की रेघ पडद्याबाहेर जाते. नीलोफर आणि मी त्या फळीवर दोन तळवे शेजारी ठेवून बसलो होतो. "बघा, बघा," ती म्हणत होती, "कशी हट्टी होती ते बघा."

झोत लावला त्या दिवशी मी तिथे होते. काँक्रीट गाळासारखं वाहून गेलं आणि मी वीस वर्षांपूर्वी आखलेल्या सळया उघड्या पडल्या, वर दोन्ही दिशांनी, दाट. तंतूचे तुकडे पाण्यात चमकले आणि गेले. मी उचलायला गेले नाही. नव्या सळया पडल्या, जुन्यांच्या मधोमध. त्यांना आम्ही नवा तंतू बांधून घेतला. काँक्रीट भरलं, पाणी मारलं, पोती पांघरली, वाट पाहिली.

हॉल उघडायच्या सकाळी मुली मागच्या दाराने आत जाऊन बसल्या होत्या. उंबऱ्यावर पहिला मान बाईंचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

नीलोफरने खूण दिली. दोन टाचा आणि चवडा. आतून मुलींचा आवाज आला, "हजर!"

मी दिली. धप् आणि घसट. या वेळी मी आठवणीने बूट घालून आले होते.

"हजर!"

मग मी थांबले. एक टाच टेकवली, थोडं थांबून आणखी दोन.

"असं नाही," नीलोफर कुजबुजली. "दुसरीनंतर घाई करायची. तिसरी दुसरीला चिकटून. तुमच्या त्या रेघेत दिसलं नाही का?"

"दिसलं होतं. पायाला येत नाहीये."

"पुन्हा करा."

मी पुन्हा केली. एक टाच. थांबून दोन, चिकटून. नीलोफरने मान हलवली.

आतून हजर आलं नाही. मुलींना ही खूण अनोळखी होती. मग मनालीचा आवाज आला, "बाई, तिघी आलात? तिसरी कोण?"

नीलोफरने माझ्या कोपराला धरलं.

"चारूबाई," ती आत हाक देत म्हणाली. "जरा सरकून बसा गं, जागा करा."

आणि आतून सतरंजी ओढल्याचा आवाज आला.